रेहानाचं खातं



आज मी तुम्हाला एका अगदी छोट्या गोष्टीबद्दल सांगणार आहे. ती करायला मला पाच मिनिटंही लागली नाहीत, निस्तरायला मात्र चार दिवस गेले. आणि त्या चार दिवसांत पस्तीस वर्षांपूर्वीची एक गोष्ट अशी समोर येऊन उभी राहिली, की ती तुम्हाला सांगितल्याशिवाय मला राहवेना.

गोष्ट एवढीच, की आमच्या घरच्या संगणकावर मुख्य खात्याला जे नाव होतं, ते मी बदललं.

हा संगणक आम्ही २०१७ साली घेतला. माझी मुलगी रेहाना बारावी होऊन इंजिनिअरिंगला गेली, तेव्हा तिच्यासाठी घेतला. सोलापुरातल्या दुकानातून डबे रिक्षात घालून आणले, दुकानातला मुलगा बरोबर आला. त्यानं वायरी जोडल्या, यंत्र सुरू केलं आणि विचारलं, ‘‘नाव काय टाकू?’’ घरात आम्ही तिघं. मी आणि तिची अम्मी, दोघांनी एकाच वेळी रेहानाकडं बोट दाखवलं. तिनं आपला ई-मेलचा पत्ता सांगितला आणि खातं उघडलं. तेव्हापासून यंत्र सुरू केलं की पडद्यावर पहिलं नाव यायचं, रेहाना.

पुढं ती शिकली, पुण्याला नोकरीला लागली. जाताना कंपनीचा लॅपटॉप मिळाला, हा मोठा संगणक घरीच राहिला. आणि तो माझा झाला. मी सहकारी बँकेतला कारकून माणूस, पण कविता लिहिणारा. माझ्या नव्या संग्रहाच्या वेळी प्रकाशकांनी सांगितलं, ‘‘आता हस्तलिखित नको, टाइप करून पाठवा.’’ मग मी पन्नाशी उलटल्यावर एका बोटानं मराठी टाइप करायला शिकलो. रोज सकाळी नमाज झाली, चहा झाला, की मी यंत्रापुढं बसायचो. पडद्यावर यायचं, रेहाना. मी चार आकडी पिन टाकायचो आणि आत जायचो. मुलीच्या रिकाम्या खोलीत जाऊन बसावं, तसं काहीसं ते होतं. मला त्याची सवय झाली होती.

सवय मोडली ती एका फोननं. प्रकाशकांच्या कचेरीतून एका बाईंचा फोन आला. म्हणाल्या, ‘‘सर, फाइल मिळाली. पण एक विचारायचं होतं. संग्रह तुमचाच आहे ना? फाइलच्या माहितीत लेखक म्हणून रेहाना असं नाव येतंय.’’

मी हसलो, खुलासा केला. पण फोन ठेवल्यावर मनात खुट्ट झालं. श्रोतेहो, कवी हा मोठा मानी प्राणी असतो. मानधन बुडालं तर तो सोसतो, कवितेखाली दुसऱ्याचं नाव सोसत नाही. मग ते स्वतःच्या लेकीचं का असेना! मी ठरवलं, या यंत्रावर आता माझं नाव पाहिजे.

त्याच दुपारी बसलो. सेटिंग्जमध्ये गेलो, तिथून खात्याच्या पानावर गेलो, ते पान मला इंटरनेटवर घेऊन गेलं. तिथं रेहानाचं नाव होतं आणि शेजारी ते बदलायची सोय होती. दोन चौकोन आले. एकात नाव, दुसऱ्यात आडनाव. आता खरं म्हणजे मी माझं नाव लिहायला हवं होतं. पण बोटांनी काय लिहिलं, सांगू? ‘पांथस्थ’. ते माझं कॉलेजच्या दिवसांतलं टोपणनाव. तीसपस्तीस वर्षांत ते मी कुठं वापरलं नव्हतं. घरात कुणी बघणार नाही, आपल्यापुरतीच हौस, असं वाटलं असावं. दुसरा चौकोन रिकामा सोडवेना, म्हणून त्यात लिहिलं ‘सोलापूरकर’. झालं! यंत्र बंद करून पुन्हा सुरू केलं आणि पडद्यावर आलं, पांथस्थ सोलापूरकर. मला तर मुशायऱ्यात माझं नाव पुकारल्यासारखं वाटलं.

रेहानाच्या अम्मीला हौसेनं बोलावून दाखवलं. आमच्या घरी आम्ही दखनी बोलतो. ती पदराला हात पुसत आली, पडद्याकडं बघितलं आणि म्हणाली, ‘‘अजी, बेटी का नाम कायकू निकाले? निकाह हुआ तो कागज पे बदलेगाच ना. तुमकू अब्बीच क्या जल्दी पडी थी?’’

मी म्हटलं, अगं, यंत्रावरचं नाव ते, त्यात काय एवढं! पण उत्तर देता देताच मला ते पोकळ वाटलं. आपल्याकडं लग्नानंतर बाईचं नाव कसं बदलतं हे आपण सगळे पाहतो. बऱ्याच मराठी घरांत ताटात तांदूळ पसरून त्यात नवरीचं नवं नाव लिहितात. आमच्यात मुलीचं पहिलं नाव सहसा तेच राहतं. पण कागदोपत्री मधलं वडिलांचं नाव जातं, तिथं नवऱ्याचं येतं, आडनावही बदलतं. म्हणजे तिच्या आईचं म्हणणं असं होतं, की तिचं नाव या घरातून एक दिवस निघणारच आहे, तर निदान या यंत्रावर ते राहू द्यायचं होतं. मी ऐकलं आणि गप्प बसलो. नाव मात्र तसंच ठेवलं.

तिसऱ्या दिवशी रात्री पुण्याहून फोन आला. रेहानाचा आवाज वेगळाच लागला होता.

‘‘अब्बा, ये पांथस्थ सोलापूरकर कौन है?’’

झालं होतं असं. रेहानानं एका दुसऱ्या कंपनीत अर्ज केला होता. पहिली फेरी झाली होती, पुढच्या मुलाखतीआधी त्यांनी तिच्याकडं प्रमाणपत्रं मागितली होती. ती तिनं आपल्या नेहमीच्या ई-मेलवरून पाठवली. त्यावर उत्तर आलं ते श्री. पांथस्थ सोलापूरकर यांच्या नावानं! प्रमाणपत्रांवर एक नाव, पत्र पाठवणाऱ्याचं दुसरंच नाव, तेव्हा याचा खुलासा व्हावा, तोवर मुलाखत थांबवली आहे, असं त्यात लिहिलं होतं.

मी घरातल्या टेबलावरचं नाव बदलायला गेलो होतो. ते नाव टेबलावर नव्हतंच. ते तिच्या ई-मेलच्या खात्याचं नाव होतं. आमचा संगणक फक्त आरशासारखा ते दाखवत होता. मी ते मुळातच बदललं, त्यामुळं पुण्यात बसलेली माझी मुलगी दोन दिवस माझ्या टोपणनावानं पत्रं पाठवत होती आणि तिला पत्ताच नव्हता. मी रोज ज्या खोलीत जाऊन बसत होतो, ती रिकामी नव्हती. ती अजून तिथं राहत होती.

मी तोंडावर पडलो होतो. पोरीची माफी मागितली. ती म्हणाली, ‘‘ते जाऊ द्या अब्बा, आधी नाव परत टाका.’’ रागावली की ती माझ्याशी मराठीत बोलते! नाव परत टाकलं. तिनं कंपनीला खुलासा पाठवला. मुलाखत चार दिवस पुढं गेली. नोकरी मिळाली, अल्लाची मेहेरबानी. पण ते चार दिवस मला झोप नव्हती.

त्या चार दिवसांत आमच्या गल्लीतला एक मुलगा घरी आला. तो संगणक दुरुस्त करतो. त्यानं सगळं बघितलं आणि म्हणाला, ‘‘चाचा, नाव एक नसतंय. तीन असतात.’’ त्यानं जे सांगितलं, ते तुम्हालाही उपयोगी पडेल, म्हणून सांगतो.

पहिलं नाव पडद्यावर दिसतं ते. घराच्या दारावरची पाटी म्हणा ना. ते केव्हाही बदलता येतं. खातं त्या यंत्रापुरतंच असेल तर कंट्रोल पॅनेलमध्ये जाऊन बदलता येतं आणि त्याचा बाहेर कुणाला त्रास होत नाही. खातं ई-मेलला जोडलेलं असेल तर नाव मूळ खात्यावर बदलतं आणि ते खातं जिथं जिथं वापरात असेल, तिथं तिथं ते दिसतं. मी हाच फरक ओळखला नव्हता.

दुसरं नाव फोल्डरचं. खातं उघडलं की यंत्र त्या माणसासाठी एक फोल्डर तयार करतं. आपली कागदपत्रं, फोटो, सगळं त्यात राहतं. या फोल्डरला जन्माच्या वेळी जे नाव पडतं, ते पाटी बदलली तरी बदलत नाही. मुलानं मला आमचा फोल्डर उघडून दाखवला. त्याचं नाव काय असावं? ‘रेहान’! मी म्हटलं, हा मुलगा आमच्या घरात कधी जन्माला आला? तर त्याचं कारण असं, की ई-मेल देऊन खातं उघडलं की विंडोज त्या पत्त्याची पहिली पाच इंग्रजी अक्षरं घेऊन फोल्डरला नाव देतं. रेहानाच्या स्पेलिंगमधली पाच अक्षरं घेतली, शेवटचं ‘ए’ बाहेर राहिलं आणि मुलीचा मुलगा झाला. वरच्या पाटीवर रेहाना येवो की पांथस्थ, आत आठ वर्षं रेहानच नांदत होता. माझ्या सगळ्या कविता त्याच्याच घरात होत्या.

‘‘मग हे नाव आपण बदलू या,’’ मी म्हटलं. त्यानं कानाला हात लावला. ‘‘चाचा, याला हात लावू नका. सगळ्या प्रोग्रामांना हाच पत्ता पाठ आहे. नुसतं फोल्डरचं नाव बदललं तर उद्या यंत्र तुम्हाला तात्पुरत्या खात्यात घेऊन जाईल आणि तुमच्या कविता गेल्यासारखं वाटेल.’’ ते बदलायला विंडोजच्या पोटातली नोंदवही उघडून तिथला पत्ता दुरुस्त करावा लागतो आणि तरीही काही प्रोग्राम जुन्या पत्त्यावर हाका मारत राहतात.

आणि तिसरं म्हणजे नाव नाहीच, आकडा आहे. प्रत्येक खात्याला यंत्र एक लांबलचक क्रमांक देतं. त्याची सुरुवात ‘एस-१-५-२१’ अशी असते. शेवटी, मूळच्या प्रशासकाचा ५०० आणि आपण उघडलेल्या खात्यांचे १००० पासून पुढं. यंत्र खरं ओळखतं ते या क्रमांकाला. पाटी शंभर वेळा बदला, क्रमांक तोच. उलट, खातं काढून टाकून त्याच नावाचं नवं खातं उघडलं तर क्रमांक नवा मिळतो आणि यंत्र त्या माणसाला परका समजतं. नाव तेच, पण ओळख नाही.

मुलगा बोलत होता आणि मला माझे अब्बा दिसायला लागले.

माझे अब्बा सोलापूरच्या एका गिरणीत कामाला होते. गिरणीत त्यांना नंबर होता. पितळी बिल्ल्यावर तो कोरलेला होता. हजेरीपुस्तकात त्यांचं नाव कारकून आपल्या कानाला ऐकू येईल तसं लिहायचा. कधी नावापुढं ‘साब’ लावायचा, कधी नाही. अब्बा म्हणायचे, नाव कसंही लिहू दे, पगार नंबरावर निघतो. त्यांचं म्हणणं गिरणी चालू होती तोवर खरं होतं. गिरणी बंद पडली, अब्बा गेले आणि मग आईला त्यांचे पैसे मिळवायचे होते. एका कागदावर ‘साब’ होतं, दुसऱ्यावर नव्हतं. आई दीड वर्ष एका कचेरीच्या पायऱ्या चढली. शेवटी ‘या दोन्ही नावांची व्यक्ती एकच’ असं प्रतिज्ञापत्र करून दिलं, तेव्हा काम झालं. स्टॅम्पपेपरवर अंगठा उमटवताना ती म्हणाली होती, चाळीस साल साथ रही, अब कागज पे लिख के देना पड्या की एकच आदमी था.

आपल्या सगळ्यांचंच असं आहे. घरात हाक मारायचं नाव वेगळं, ते रोज बदललं तरी चालतं. शाळेच्या दाखल्यावरचं नाव मात्र त्या फोल्डरसारखं. पहिलीत मास्तरांनी जे लिहिलं, ते जन्मभर चिकटतं. बदलायचं तर शासनाच्या राजपत्रात छापून आणावं लागतं आणि मग एकेका कागदावर जाऊन दुरुस्ती करावी लागते. आणि वरून आता आधारचा आकडा आहेच.

नावाच्या रचनेचा विचार सरकारही करत असतं. महाराष्ट्र शासनानं २०२४ साली ठरवलं, की १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलाच्या नावात आधी त्याचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं आणि शेवटी आडनाव येईल. मला हा निर्णय फार आवडला. आईचं नाव कुठंतरी आतल्या फोल्डरमध्ये पडून होतं, ते पाटीवर आलं.

आता मघाशी म्हटलं ती पस्तीस वर्षांपूर्वीची गोष्ट.

मी बी.ए.ला होतो. मराठीत कविता लिहायचो. घरात दखनी, मशिदीत उर्दू, पण कविता यायची ती मराठीतच, कारण शाळेत ज्या बाईंनी मला अक्षरं शिकवली, त्यांनी ती मराठीत शिकवली. कविता पाठवायचो त्या ‘पांथस्थ’ या नावानं. टोपणनाव घेण्यात गैर काही नव्हतं. आपल्याकडं ती मोठी परंपरा आहे. कुसुमाग्रजांचंच बघा. जन्माचं नाव गजानन रंगनाथ शिरवाडकर, दत्तक गेल्यावर झाले विष्णू वामन आणि कवितेसाठी धाकट्या बहिणीच्या, कुसुमच्या, नावावरून कुसुमाग्रज. आमच्या जिल्ह्यातल्या बार्शीचे मेहबूब हुसेन पटेल महाराष्ट्राला शाहीर अमर शेख म्हणून माहीत आहेत. पण माझं कारण इतकं सुंदर नव्हतं. खरं सांगायचं तर, माझं नाव वाचून कुणी ‘अरे वा, तुम्ही मराठीत लिहिता?’ असं विचारू नये, म्हणून मी ते घेतलं होतं. त्या प्रश्नात वाईट काही नसतं, लोक कौतुकानंच विचारतात. पण दर वेळी उंबऱ्यावर थांबून उत्तर द्यावं लागतं, तेव्हा घर आपलंच आहे का, अशी शंका यायला लागते. मला तो उंबरा चुकवायचा होता.

एका रविवारी पुरवणीत माझी कविता छापून आली. अब्बांना मी सांगितलं. त्यांनी रात्रीच्या शाळेत अक्षरओळख करून घेतली होती, जोडाक्षरांपाशी अडायचे. त्यांनी पुरवणीचं पान घडी घालून जेवणाच्या डब्याच्या पिशवीत ठेवलं आणि दुसऱ्या दिवशी गिरणीत नेलं. जेवणाच्या सुट्टीत सोबत्यांना दाखवलं, माझ्या पोराची कविता आहे. एकानं पान हातात घेऊन वाचलं आणि म्हणाला, ‘‘हे तर कुणा पांथस्थाचं आहे. तुमच्या पोराचं नाव कुठं आहे?’’ अब्बांनी पान परत घेतलं, बोट ठेवून शोधलं. माझं नाव त्यात नव्हतं. त्यांचंही नव्हतं.

संध्याकाळी घरी आल्यावर त्यांनी पान माझ्या हातात दिलं. रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, ‘‘तेरा नाम रहता तो अच्छा होता.’’

त्यानंतरच्या प्रत्येक कवितेखाली मी माझं पूर्ण नाव लिहिलं, मधल्या त्यांच्या नावासकट. ‘तुम्ही मराठीत लिहिता?’ हा प्रश्न अजूनही येतो. मी आता उंबऱ्यावर थांबून हसून उत्तर देतो आणि आत येतो. अब्बांनी पुढं छापलेली पानं गिरणीत नेली की नाही, ते मी कधी विचारलं नाही. ते गेल्यावर त्यांच्या पेटीत तीन पानं सापडली. सगळ्यांवर नाव होतं. पांथस्थाचं पान त्यांत नव्हतं. ते माझ्याकडं आहे.

तर श्रोतेहो, ज्या नावानं माझ्या बापाला सोबत्यांपुढं खाली बघायला लावलं, तेच नाव पस्तीस वर्षांनी मी माझ्या मुलीच्या पत्रावर नेऊन चिकटवलं. ‘हा पांथस्थ कोण?’ हा प्रश्न आधी गिरणीत विचारला गेला आणि नंतर कंपनीत. दोन्ही वेळा ज्यांना विचारला, त्यांचा काही दोष नव्हता.

आता शेवटी, तो मुलगा मला काय सुचवून गेला ते सांगतो, कारण हा प्रश्न आज अनेक घरांत येत असणार. विंडोज १० ची नियमित सुरक्षा-दुरुस्ती १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली, त्यामुळं पुष्कळांनी नवे संगणक घेतले, काही घेतील. तेव्हा नाव टाकताना घाई करू नका. फोल्डर आपल्या मनासारख्या नावाचा हवा असेल तर शक्य तिथं आधी त्या यंत्रापुरतं खातं उघडा आणि ई-मेल मागाहून जोडा. जुन्या यंत्रावर दुसरं कुणी बसू लागलं असेल तर पहिल्याचं नाव खोडून त्याच्या जागी आपलं लिहू नका. सेटिंग्जमध्ये अकाउंट्स, त्यात इतर व्यक्तींसाठी नवं खातं उघडायची सोय असते. तिथं आपलं खातं उघडा, आपली कागदपत्रं तिकडं नेऊन ठेवा, त्याआधी सगळ्याची एक प्रत पेनड्राइव्हवर काढून ठेवा. आणि ज्याचं त्याचं खातं, ज्याचा त्याचा पासवर्ड. मुलगी म्हणून तिच्या पत्रांच्या घरात बापानं रोज जाऊन बसावं, हेही बरोबर नव्हतंच.

हे खातं, हा पासवर्ड ही भानगड मुळात आलीच कशासाठी? १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत एकच मोठा संगणक अनेकांनी वाटून वापरायचा होता. फर्नांदो कोर्बातो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रत्येकाचं काम वेगळं राहावं म्हणून नाव आणि पासवर्डाची पद्धत आणली. घरगुती संगणकात ती नीट रुळली ती २००१ च्या विंडोज एक्सपीपासून. म्हणजे यामागचा विचार साधा आहे. यंत्र एक असलं तरी माणसं अनेक आहेत आणि प्रत्येकाला आपली जागा हवी. एकाच वाड्यात चार बिऱ्हाडं राहतात, तसं. नवं बिऱ्हाड आलं म्हणून कुणी शेजारच्याची पाटी उतरवत नाही.

मग आम्ही माझं खातं उघडलं. त्या यंत्रापुरतं. मुलगा म्हणाला, ‘‘चाचा, विचार करून नाव सांगा. फोल्डर याच नावानं तयार होणार.’’ मी नाव सांगायला लागलो. तो म्हणाला, ‘‘एवढं मोठं नाही बसायचं. वीस अक्षरांचीच जागा आहे.’’ आम्ही दोघांनी बोटांवर इंग्रजी अक्षरं मोजली. माझं नाव बसलं, पुढं अब्बांचं नाव बसलं, आडनाव बाहेर राहिलं. राहू दे, म्हटलं.

आता सकाळी यंत्र सुरू केलं की पडद्यावर दोन नावं दिसतात. एक रेहाना. तिची अम्मी त्यातले जुने फोटो बघते, पण आधी फोन करून मुलीला विचारते. दुसरं माझं. ते मी तुम्हाला वेगळं सांगत नाही. कार्यक्रमाच्या सुरुवातीला निवेदिकेनं ते तुम्हाला सांगितलंच आहे, आणि मधलं नाव न गाळता सांगितलं आहे, त्याबद्दल त्यांचे आभार.

नमस्कार.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)